आवडती ध्वनिमुद्रिका दुसऱ्याला सुचवताना

आपल्याला आवडलेले गाणे दुसऱ्यानेही ऐकावे, असे वाटणे ही माणसाची जुनी खोड आहे. घरात एखादा पदार्थ चांगला उतरला की शेजारी वाटी गेल्यावाचून राहत नाही, त्यातलाच हा प्रकार. एके काळी ज्याच्या घरी फोनो असे त्याच्याकडे रविवारी चार मंडळी जमत. यजमान फडक्याने तबकडी पुसत, सुई बदलत, किल्ली देत आणि "आता हे ऐका" म्हणून मागे टेकत. आज हे सर्व सोपस्कार संपले आहेत. खिशातल्या यंत्रावर बोट टेकले की शंभर वर्षांपूर्वीचा आवाज क्षणात मित्राच्या घरी पोचतो. परंतु वाटी पोचली म्हणजे पदार्थ रुचला असे होत नाही. अभिजात संगीताच्या बाबतीत तर पुष्कळदा उलटेच घडते.

एखादा गृहस्थ मोठ्या उमेदीने म्हणतो, "मला शास्त्रीय संगीत ऐकायचे आहे, काय ऐकू?" हे ऐकून आपल्यातील जाणकाराला स्फुरण चढते. तो स्वतःला सर्वांत प्रिय असलेला दरबारीचा सत्तर मिनिटांचा विलंबित ख्याल त्या बिचाऱ्याच्या हवाली करतो. तो गृहस्थ दिवसभराच्या कामाने थकलेला असतो. पाच मिनिटे होतात, सात होतात. गायक अजून मंद्र सप्तकातच फिरत असतो. दहाव्या मिनिटाला हा मनाशी म्हणतो, "हे आपले काम नव्हे." भिडेपोटी तो कोणाजवळ तसे बोलत नाही. भेटीत "छान होते" एवढेच सांगतो आणि पुढे आयुष्यभर या वाटेला जात नाही. अशी किती माणसे आपण गमावली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. म्हणूनच ध्वनिमुद्रिका सुचवणे ही किरकोळ गोष्ट आहे असे आम्हांस वाटत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, तबकडीचे नाव सांगणे ही अर्धी शिफारस झाली. ती कशी ऐकावी, हे सांगितल्यावर ती पुरी होते. यासाठी सुचवणाऱ्याला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: तबकडीची जात, ऐकणाऱ्याची जात आणि त्या गाण्यातील नेमके मर्म.

प्रथम तबकडीची जात पाहू. आपल्या देशात व्यापारी स्वरूपाचे ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झाले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग त्या वर्षी कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहर जान यांच्यासह अनेकांची गाणी मुद्रित केली. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी मान घालून खणखणीत गायचे आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढायची, असा तो कारभार होता. मुद्रित झालेला माल जर्मनीत हॅनोव्हर येथे तबकड्या काढण्यासाठी जात असे. गाणे संपताना गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारतात, ते पुष्कळांना विनोदी वाटते. त्याचा उपयोग मात्र साधा होता. परदेशातील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची, हे त्यावरून कळत असे. पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे आणि १९२८ साली डमडम येथे कारखाने निघाले आणि तबकड्या येथेच तयार होऊ लागल्या. दरम्यान १९२५ पासून जगभर विद्युत् मुद्रण रूढ होत गेले; कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला आणि गायकाचे बारीक, हळुवार काम पहिल्यांदा तबकडीवर उतरू लागले.

या जुन्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन ते साडेतीन मिनिटे चाले. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तीन मिनिटे म्हणजे नदीला लोट्यात बसवण्यासारखेच होते. पण आपल्या गवयांनी त्यातूनही एक कला निर्माण केली. दीर्घ आलाप गाळून बंदिशीचे तोंड एकदम समोर ठेवायचे, रागाची दोनचार जिवाची स्थाने दाखवायची, थोडी बोलअंगाची कामगत, मग तान आणि समेवर शेवट. नारायणराव व्यास, फैयाज खाँ, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या या दृष्टीने ऐकाव्यात. त्यांत एकही स्वर वाया गेलेला दिसत नाही. म्हणून नवख्या श्रोत्याला आम्ही प्रथम या तीन मिनिटांच्या गाण्यांकडेच पाठवू. ती त्याला दमवत नाहीत आणि पुन्हा पुन्हा ऐकता येतात. आवाज थोडा खरखरतो, हे मात्र त्याला आधीच सांगून ठेवावे. नाहीतर तो खरखरच ऐकत बसतो. दोन दिवसांत कानाला त्याची सवय होते.

पुढे दीर्घ काळ चालणारी तबकडी आली. अमेरिकेत ती १९४८ साली निघाली आणि पुढील दशकाच्या अखेरीपासून आपल्याकडेही रुळली. तिच्या एका बाजूवर वीस ते पंचवीस मिनिटे मावू लागली. येथे रागाला श्वास घेण्याइतकी जागा मिळाली. अमीर खाँ यांची एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी असलेली तबकडी, किशोरी आमोणकर यांची भूप आणि बागेश्री असलेली तबकडी, ही या प्रकारची नामांकित उदाहरणे आहेत. तिसरा प्रकार मैफलींतील व आकाशवाणीवरील मुद्रणांचा. त्यात गायक श्रोत्यांच्या दादेवर फुलताना आढळतो, कधी अडखळतो, खोकतो, तंबोरा पुन्हा जुळवून घेतो. ही मुद्रणे जिव्हाळ्याची असतात. पण ज्याने त्या गायकाला एकदाही ऐकलेले नाही त्याच्या हाती ती पहिल्याच दिवशी देऊ नयेत. आधी परिचय व्हावा, मग घरोबा.

आता ऐकणाऱ्याची जात. महाराष्ट्रातील श्रोता संगीतात अगदी कोरा असतो, हे आम्ही मानत नाही. आजीच्या तोंडचे अभंग, कीर्तनातील पदे, नाट्यगीते हे सर्व त्याच्या कानावरून गेलेले असते. त्याला रागांची नावे माहीत नसतात. रागांची चेहरेपट्टी ओळखीची असते. सुचवणाऱ्याने या ओळखीचा उपयोग करावा. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या 'संगीत स्वयंवर' नाटकाच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. त्यांत यमन, बिहाग असे राग आहेत. बालगंधर्वांच्या आवाजातील त्या पदांच्या तबकड्या प्रथम ऐकवाव्यात आणि त्याच दिवशी यमनातील अगर बिहागातील एखादा छोटा ख्याल ऐकवावा. "हे तर ओळखीचे वाटते," असे वाक्य श्रोत्याच्या तोंडून निघाले की निम्मे काम झाले. अपरिचित घरात परिचित खिडकी दिसावी, तसा तो स्थिरावतो.

भास्करबुवांचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट येथेच सांगतो. १९२२ साली ते वारले. त्यांच्या गाण्याची थोरवी सर्व समकालीनांनी सांगितली आहे, पण त्यांची एकही तबकडी नाही. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचाही आवाज तबकडीवर आलेला नाही. तेव्हा सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांची यादी कोणी कितीही अधिकाराने केली, तरी तिच्यात मोठमोठी भगदाडे आहेत, हे विसरून चालणार नाही. कोणी गायला बसले, कोणाला कंपनीने बोलावले, कोणी नकार दिला, कोणाची तबकडी फुटली, या योगायोगांतून जे उरले ते आपल्यापुढे आहे. "याहून थोर कोणी झालेच नाही" असे तबकडीच्या आधारावर म्हणणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे. मात्र भास्करबुवा आपल्याला अगदीच दुरावले असेही नाही. बालगंधर्वांच्या तबकडीत चाल बुवांची आहे आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्यात अल्लादिया खाँसाहेबांची तालीम आहे. शिष्याची तबकडी सुचवताना गुरूचे नाव घ्यावे, ते याचसाठी.

तिसरी गोष्ट मर्माची. "फार अप्रतिम आहे, ऐकाच" या वाक्याने ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. उलट अप्रतिमपणा आपल्याला दिसला नाही तर आपणच ढ, अशी भीती मात्र बसते. त्यापेक्षा एकच खूण सांगावी. अमीर खाँ यांचा मारवा सुचवायचा तर असे सांगता येईल: या रागात पंचम नाही, षड्ज हा गाण्याचा आधार, पण येथे गायक त्यावर चटकन येत नाही, कोमल रिषभ आणि धैवत यांच्यामध्ये तो तुम्हांला टांगून ठेवतो. तो षड्जावर केव्हा येतो, याची वाट पाहा. एवढे सांगितल्यावर ज्याला स्वरांची नावेही धड ठाऊक नाहीत, त्यालासुद्धा त्या गाण्यातील संध्याकाळची हुरहूर जाणवू लागते. कारण आता त्याला कशाची तरी वाट पाहायची आहे. संथ गाणे कंटाळवाणे वाटते, ते त्यात काही घडत नाही म्हणून नव्हे; काय घडणार आहे हे माहीत नसते म्हणून.

याहूनही चांगला उपाय म्हणजे जोडी सुचवणे. एकच राग, दोन कंठ. आमच्या पसंतीची एक जोडी अशी: अब्दुल करीम खाँ यांची भैरवीतील ठुमरी आणि केसरबाईंची भैरवी. दोन्ही जुन्या छोट्या तबकड्यांवरील, दोन्ही मिळून सातआठ मिनिटांचे काम. अब्दुल करीम खाँसाहेब स्वराला बोट लावतात तेसुद्धा जपून; आवाज बारीक, टोकदार, आर्जव करणारा; एखाद्या स्वरावर ते असे थांबतात की आपलाही श्वास थांबावा. केसरबाईंचा आवाज मोकळ्या आकाराचा, भरदार, तिन्ही सप्तकांत सारख्या वजनाचा. आर्जवापेक्षा तेथे डौल अधिक. एकाच भैरवीची ही दोन रूपे लागोपाठ ऐकली की किराणा आणि जयपूर या घराण्यांतील भेद कानाला आपोआप समजतो. त्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही. शिवाय दोहोंपैकी कोणते आवडले, हे ठरवण्याचा अधिकार श्रोत्याकडे राहतो. एकच तबकडी पुढे केली तर त्याला होय किंवा नाही म्हणावे लागते. दोन ठेवल्या की तो निवड करू लागतो, आणि निवड करता करता आवड घडते.

एका तबकडीने काय होऊ शकते, याची आपल्याच भागातील हकीकत सर्वांच्या परिचयाची आहे. गदगचा एक मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकत उभा राही. असे गाणे आपल्याला यावे, या एका ध्यासाने त्याने पुढे घर सोडले, गुरूच्या शोधात गावोगाव भटकला आणि शेवटी खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या पायाशी येऊन बसला. हे भीमसेन जोशी. दुसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून ते हुबेहूब गाऊन दाखवीत आणि लोक तोंडात बोट घालीत. पुढे मुंबईत प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे रीतसर शिकून, विचार करून, त्यांनी स्वतःचे वेगळे गाणे उभे केले. या दोन्ही हकीकतींचा अर्थ एकच. तबकडी वेड लावू शकते, नक्कल शिकवू शकते. विद्येसाठी मात्र गुरूकडेच जावे लागते. श्रोत्यालाही हे लागू आहे. तबकडीने त्याला अखेर मैफलीत नेऊन बसवले, तर ती कामी आली.

शिफारशीने केवढा पल्ला गाठला, याचे एक नवल असे. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने सूर्यमालेबाहेरच्या प्रवासास धाडली. त्यांवर पृथ्वीचा परिचय म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली आहे. तिच्यात साऱ्या जगातील मिळून २७ संगीतखंड, एकूण सुमारे दीड तासाचे. भारतीय संगीतातील एकच गोष्ट त्यात आहे, ती केसरबाईंची वर सांगितलेली भैरवी, साडेतीन मिनिटांची. ती सुचवली रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने. गंमत अशी की, त्या वेळी ही तबकडी सहज मिळेना. शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमधील एका भारतीय दुकानात तिच्या प्रती सापडल्या. गोव्यातील केरी गावच्या या गायिकेचा आवाज ५ सप्टेंबर १९७७ रोजी दुसऱ्या यानासह पृथ्वी सोडून गेला आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी मुंबईत देह ठेवला. येथे दोन माणसांची आठवण ठेवली पाहिजे. एक, "हीच तबकडी घ्या" असे नेमके सांगणारा. आणि दुसरा, कोणी मागत नसतानाही ती आपल्या दुकानात जपून ठेवणारा. दोघांपैकी एक नसता तर त्या साडेतीन मिनिटांच्या जागी दुसरे काही तरी गेले असते.

हा जपण्याचा विचार शिफारशीइतकाच महत्त्वाचा आहे. जुनी तबकडी लाखेपासून केलेली असे. हातातून पडली की तिचे तुकडे होतात. फितींना बुरशी धरते. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था स्थापन झाली, तीच मुळी या ठेव्याची नोंद राहावी म्हणून. तथापि हे काम संस्थांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्याच्या घरी माळ्यावर जुन्या तबकड्यांची पेटी आहे त्याने निदान त्यांच्यावरील नावे, राग आणि क्रमांक वहीत उतरवून काढावेत. आणि जो आजच्या सोयीने गाणे पुढे धाडतो त्याने गायक, राग, साथीदार आणि शक्य तर वर्ष ही माहिती बरोबर धाडावी. आज मुक्तपणे फिरणाऱ्या मुद्रणांत एकाचे गाणे दुसऱ्याच्या नावावर आणि एका रागावर दुसऱ्या रागाचे नाव, असे प्रकार थोडे नाहीत. चुकीचे नाव एकदा चिकटले की ते पुसायला पिढी जाते.

वेगाचाही घोटाळा असतो. जुन्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला ७८ फेरे या ठरीव वेगाने मुद्रित झालेल्या नव्हत्या. सुरुवातीच्या काळात हा वेग कमीजास्त असे. वेग सुमारे ६ टक्के वाढवला की गाणे अर्ध्या स्वराने वर चढते, लय वाढते आणि भरदार आवाज पोरकट वाटू लागतो. तेव्हा एखाद्या नामवंताचा आवाज विचित्र, चिरका लागला तर गायकाला दोष देण्यापूर्वी नकलेचा संशय घ्यावा आणि दुसरी प्रत शोधावी. मैफलीतील खाजगी मुद्रणाविषयी एवढेच की, गायकाची संमती घेतल्यावाचून ते करू नये आणि वाटूही नये. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्या घरातली वस्तू आपण न विचारता उचलत नाही.

आता अखेरचे. शिफारस एका वेळी एकच करावी, फार तर जोडीची. शंभर गाण्यांची यादी हाती पडली की माणूस ती जपून ठेवतो आणि त्यांतले एकही ऐकत नाही. सायंकाळचा राग सायंकाळी ऐकायला सांगावा. एकदा दिले की आठ दिवस त्याविषयी विचारू नये, आणि विचारले तर "आवडले का?" असे न विचारता "तुम्हांला त्यात काय दिसले?" असे विचारावे. उत्तर पुष्कळदा आपल्या अपेक्षेबाहेरचे येते. आपण तानेवर भाळलेलो असतो आणि त्याला मागे झुलणारी सारंगी आवडलेली असते. अशा वेळी त्याला तानेकडे ओढून आणण्याची घाई करू नये; पुढची तबकडी सारंगीची द्यावी. रामनारायण यांची सारंगी ऐकता ऐकता तो गाण्याकडे वळेल, कदाचित वळणारही नाही. न वळला तरी एक चांगला श्रोता वाढला, आणि पुढल्या हंगामात गावात सारंगीचा कार्यक्रम ठरेल तेव्हा पुढच्या रांगेतील एक खुर्ची तरी रिकामी राहणार नाही.